पाठीवरचा वारा, तोंडावरचा वारा

अर्जेंटिनाच्या दक्षिणेला, सांता क्रूझ प्रांतात, अँडीजच्या पायथ्याशी एल चाल्तेन नावाचं लहानसं गाव आहे. गाव तसं अलीकडचं. चिलीबरोबर सीमेचा वाद चालू होता. या खोऱ्यावर आपला हक्क पक्का व्हावा म्हणून अर्जेंटिनाने १९८५ साली इथे वस्ती केली. गावाच्या डोक्यावर फिट्झ रॉय हा ३,४०५ मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा सुळका आहे. त्याच्या मागे दक्षिणोत्तर सुमारे ३५० किलोमीटर लांबीचा बर्फाचा प्रदेश पसरलेला आहे. गिर्यारोहक इथे सुळक्यासाठी येतात. लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांमध्ये मात्र या गावाचं नाव निघतं ते गावातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यामुळे.

हा डांबरी रस्ता विएद्मा सरोवराच्या उत्तर काठाने पूर्वेकडे सुमारे ९० किलोमीटर जातो आणि रुता ४० या राष्ट्रीय महामार्गाला मिळतो. तिथून दक्षिणेला वळलं की वीसेक किलोमीटरवर ला लिओना नावाचा एकुलता एक मुक्कामाचा अड्डा लागतो. पुढे रुता ४० सत्तरेक किलोमीटर दक्षिणेकडेच उतरत जातो. मग एका तिठ्यावर पश्चिमेला वळायचं, की शेवटच्या ३२ किलोमीटरनंतर एल कालाफाते हे मोठं गाव येतं. सगळं मिळून सुमारे २१५ किलोमीटर. वाटेत ला लिओना सोडलं तर गाव नाही, दुकान नाही, पंक्चरवाला नाही. मोठे घाट नाहीत आणि पाऊसही फार नाही. आपल्याकडे एखाद्या बऱ्यापैकी सायकलस्वाराला हे अंतर दोन दिवसांचं वाटेल. इथेही ते दोन दिवसांत होतं. कधी चार-पाच दिवसही लागतात आणि कधी सायकल ट्रकवर टाकून सुटका करून घ्यावी लागते. फरक पायांतल्या ताकदीचा फारच थोडा. घरातून कधी निघालात आणि रस्ता कुठल्या दिशेला वळतो, यावर सगळं अवलंबून. हे नीट कळण्यासाठी या रस्त्यावरचा एक दिवस आणि त्याला जोडून येणारी पहाट आपण बारकाईने पाहू.

आधी वारा समजून घ्यायला हवा.

दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात जमीन फार थोडी आहे. टास्मानिया, न्यूझीलंडचा बराचसा भाग आणि दक्षिण अमेरिकेचं निमुळतं शेपूट, एवढीच काय ती महत्त्वाची जमीन. बाकी सगळा समुद्र. विषुववृत्ताकडची उष्णता आणि अंटार्क्टिकाची थंडी यांच्या ओढाताणीतून इथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे तयार होतात आणि पृथ्वीला वेढा घालत फिरत राहतात. त्यांना अडवायला डोंगर नाही, जंगल नाही. शिडाच्या जहाजांचे खलाशी या अक्षांशांना ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ म्हणायचे. पॅसिफिकवरून हजारो किलोमीटर मोकळा आलेला हा वारा पहिल्यांदा आदळतो तो अँडीजवर. चढताना सगळी वाफ तो चिलीच्या बाजूला सोडून देतो. तिथे काही ठिकाणी वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पर्वत ओलांडून पूर्वेला उतरतो तेव्हा तो कोरडाठक झालेला असतो. म्हणून पूर्वेकडच्या माळावर पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास आणि पुष्कळ ठिकाणी त्याहूनही कमी. एवढ्या पाण्यावर झाड जगत नाही. कोइरॉन नावाच्या पिवळट ताठ गवताची ठोंबं आणि जमिनीला चिकटून वाढणारी काटेरी झुडपं, एवढंच उगवतं. झाड नाही म्हणून वाऱ्याला अडथळा नाही, आणि वारा असा की नवं झाड धरत नाही. इथल्या मेंढपाळांच्या वाड्यांना, म्हणजे एस्तान्सियांना, पश्चिमेच्या अंगाला उंच पॉप्लर झाडांची रांग लावलेली असते. माळावर लांबून झाडं दिसली की तिथे माणसाचं घर आहे किंवा कधीकाळी होतं, असं खुशाल समजावं.

आता सायकलवाल्याच्या दृष्टीने सगळ्यात अडचणीची गोष्ट. हा वारा सर्वांत जोराचा असतो तो उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. हिवाळ्यात तो बराच मवाळ होतो, पण तेव्हा रस्त्यावर बर्फ असतं आणि उजेड कसाबसा आठ तास. डिसेंबरअखेरीस मात्र एल चाल्तेनला पहाटे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो तो रात्री दहापर्यंत मावळत नाही. सायकलीला अनुकूल असे सोळा तासांचे दिवस आणि सायकलीला प्रतिकूल असा वारा, दोन्ही एकाच हंगामात येतात.

या वाऱ्याला दिवसाचं एक वेळापत्रक असतं, आणि ते ज्याने ओळखलं त्याचा निम्मा त्रास वाचतो. रात्री जमीन निवते. तिच्यालगतचा हवेचा थर थंड आणि जड होऊन खाली बसतो. वरचा वेगवान वारा त्याच्यावरून घसरत निघून जातो, जमिनीवर फारसा जाणवत नाही. सूर्य वर आला की माळ तापतो, खालची हवा उसळून वर जाते आणि वरची वेगवान हवा तिच्या जागी खाली उतरते. सकाळी नऊ-दहाच्या पुढे गवत डोलायला लागतं. दुपारी दोन ते सात हा कडाक्याचा वेळ. रात्री नऊनंतर वारा पुन्हा पडतो. हा नियम रोज पाळला जातो असं नाही. समुद्रावरून वादळ सरकत असेल तर तीन-तीन दिवस रात्रंदिवस सारखाच भणाण वारा सुटतो. पण चांगल्या हवेच्या दिवशी हे वेळापत्रक भरवशाचं असतं. म्हणूनच पॅटागोनियात पहाटे चार वाजता डोक्याला दिवा लावून तंबू गुंडाळणारे सायकलवाले दिसतात.

वाऱ्याचा सायकलीवर नेमका किती परिणाम होतो हे आकड्यांत मांडलं की चित्र एकदम स्पष्ट होतं. ओझ्यासकट स्वार आणि सायकल मिळून ११० किलो वजन धरू. दोन्ही चाकांना पिशव्या लटकवलेल्या आहेत, माणूस बऱ्यापैकी ताठ बसलेला आहे, रस्ता सपाट आणि डांबरी आहे. अशा माणसाने १०० वॅट ताकद लावली, म्हणजे दिवसभर न थकता लावता येईल एवढी, तर वारा नसताना तो ताशी सुमारे २० किलोमीटरने जाईल. आता त्याच्या उंचीवर ताशी ४० किलोमीटरचा वारा सोडू. वारा पाठीवर असेल तर त्याच १०० वॅटमध्ये वेग जातो ४४ वर. पाय थांबवले तरी सायकल वीस-पंचवीसच्या वेगाने आपोआप पळत राहते. वारा बरोबर काटकोनात, बाजूने असेल तर वेग पंधराच्या खाली येतो. आणि वारा तोंडावर असेल तर उरतो साडेपाच किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग.

यामागचं कारण असं की हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट. ताशी ४० चा तोंडावरचा वारा म्हणजे साधारण चार-पाच टक्क्यांचा चढ. ६० चा झाला की नऊ-दहा टक्क्यांचा, घाटातल्या खड्या वळणासारखा. फरक एवढाच की घाटाला माथा असतो आणि पलीकडे उतार असतो. हा चढ मात्र दिवसभर संपत नाही, आणि डोळ्यांना तर रस्ता सपाटच दिसत असतो. पहिल्यांदा गेलेल्या माणसाला वाटतं ब्रेक घासतोय, टायरमधली हवा गेलीय. तो उतरून चाकं तपासतो.

जाताना वारा विरुद्ध आणि येताना अनुकूल, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला, असंही पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. वर धरलेल्या वाऱ्यात ४४ किलोमीटर जायला एक तास लागला तर तेच ४४ किलोमीटर परत यायला आठ तास लागतात. वारा नसता तर जाऊन-येऊन साडेचार तासांतच काम झालं असतं. विरुद्ध वाऱ्यात वेग कमी म्हणून त्या वाऱ्यात राहायचा वेळच जास्त. पाठीवरच्या वाऱ्याने दिलेल्या सुखाने ते नुकसान कधीच भरून निघत नाही.

बाजूच्या वाऱ्याचं गणित तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तो पुढे ढकलत नाही, मागे ओढत नाही, मग वेग का घटावा? कारण हवेचा रेटा एकूण वाऱ्याच्या वेगावर ठरतो. सायकलचा स्वतःचा वेग आणि बाजूचा वारा यांची बेरीज तिरकी होते, रेटा तिरका बसतो आणि त्याचा एक हिस्सा सरळ छातीवर येतो. ताशी २० च्या वेगाला टिकून राहायचं तर आपल्या उदाहरणात शंभराऐवजी १८० वॅट लागतील.

हवामानाचा अंदाज वाचतानाही एक गोष्ट लक्षात ठेवायची. वेधशाळा वाऱ्याचा वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा सांगते. सायकलस्वाराची छाती दीड मीटरवर. मोकळ्या माळावर या उंचीला वारा सुमारे दोन-तृतीयांश भरतो. म्हणजे अंदाजात ६० लिहिलं असेल तर आपल्याला ४० सोसायचे आहेत. अंदाजात ९० असेल तर मात्र निघूच नये. त्या दिवशी गावात कपडे धुवावेत, साखळीला तेल द्यावं आणि पोटभर जेवावं.

आता निघू.

एल चाल्तेनमधून निघण्याची योग्य वेळ कोणती, यावर सायकलवाल्यांमध्ये दोन मतं असतात. पहाटे निघावं ही पॅटागोनियातली सर्वसाधारण शिस्त. माझं मत वेगळं आहे. पहिले ९० किलोमीटर रस्ता पूर्वेला जातो आणि वारा पश्चिमेचा आहे. हा एवढाच तुकडा असा, जिथे वारा हवाहवासा असतो. पहाटे चारला निघून शांत हवेत पॅडल मारत बसणं म्हणजे मिळणारी मदत नाकारणं. न्याहारी करून आठच्या पुढे निघावं. साधारण तासाभरात मागून थाप बसायला सुरुवात होते. आधी हलकी, मग जोरात. सायकलचा वेग वाऱ्याच्या वेगाशी जुळला की एक विलक्षण गोष्ट घडते. आवाज बंद होतो. दोन्ही बाजूंना गवत आडवं झालेलं दिसतंय, सरोवरावर पांढऱ्या लाटा फुटताहेत आणि आपल्या कानांशी काहीच नाही. टायरची घरघर आणि साखळीची टिकटिक ऐकू येते. घाम वाळत नाही, उलट उकडतं. शेवटचा गिअर टाकूनही पाय रिकामे फिरतात.

उजव्या हाताला विएद्मा सरोवर. त्याचं पाणी दुधाळ निळसर दिसतं, कारण हिमनद्यांनी खडक घासून केलेलं पीठ त्यात तरंगत असतं. हे पाणी प्यायचं असेल तर भांड्यात काही वेळ ठेवून गाळ खाली बसू द्यावा आणि मगच फिल्टरमधून काढावं, नाहीतर फिल्टर पहिल्याच दिवशी तुंबतो. मागे वळून पाहिलं तर फिट्झ रॉयच्या डोक्यावर भिंगाच्या आकाराचे, एकावर एक रचलेले ढग दिसतात. वारा पर्वतावरून उडी मारून पलीकडे लाटांसारखा हेलकावत जातो, आणि त्या लाटांच्या माथ्यावर हे ढग धरतात. वारा कितीही पळाला तरी ते जागचे हलत नाहीत. हे ढग ठळक दिसले तर दुपार जड जाणार असं समजून घ्यावं.

माळावर जनावरं पुष्कळ. ग्वानाको हा उंटाच्या कुळातला, हरणासारखा दिसणारा प्राणी कळपाने चरतो आणि सायकल पाहून मोटारीपेक्षा जास्त बुजतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल तारेचं कुंपण आहे. मोठे ग्वानाको त्यावरून सहज उडी मारतात, पण एखाद्याचा पाय अडकतो आणि तो तिथेच मरतो. तारेवर लटकलेले वाळके सांगाडे वाटेत दिसतात, ते याच कारणाने. चोइके नावाचा, शहामृगासारखा पण लहान पक्षीही दिसतो. त्याच्यात अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे काम नराचं. वीस-पंचवीस पिल्लांची फलटण घेऊन रस्ता ओलांडणारा बाप दिसला तर थांबावं. पाठीवर वारा असताना थांबणं सोपं नसतं, त्यामुळे ब्रेक आधीच तपासून ठेवावेत.

वारा चांगला मिळाला तर हे ९० किलोमीटर दोन-तीन तासांत संपतात. याच रस्त्यावर समोरून येणारे सायकलवाले भेटतात. ते रुता ४० वरून एल चाल्तेनकडे निघालेले असतात. हँडलवर वाकलेले, तोंडाला कापड गुंडाळलेलं, बहुतेक वेळा सायकल हाताने ढकलत. त्यांच्यासाठी हाच रस्ता, तेच ९० किलोमीटर, गणिताने सोळा तासांचे. बरेच जण दोन दिवसांत करतात. रात्री रस्त्याखालच्या पाण्याच्या मोरीत झोपतात, कारण पाऊस नसलेल्या माळावर मोरी हीच एकमेव भिंत असते. या लोकांशी बोलायला थांबण्याचा रिवाज आहे आणि तो चांगला आहे. पुढे पाणी कुठे मिळेल, कुठलं पडीक घर अजून छप्पर धरून आहे, कुठल्या एस्तान्सियातला माणूस गरम पाणी देतो, ही माहिती कुठल्याही नकाशात नसते. रस्त्याच्या मधोमध सायकली आडव्या टाकून, ओरडून बोलल्यावर ती मिळते. निघताना आपल्याकडचं बिस्किटाचं पाकीट त्यांना द्यावं. आपण संध्याकाळी गरम जेवणार आहोत, ते नाही.

मग तिठा येतो आणि चाक दक्षिणेला वळतं.

एका वळणात जग बदलतं. मघाशी गायब असलेला आवाज उजव्या कानात शिरतो आणि मुक्कामापर्यंत निघत नाही. रुता ४० हा अर्जेंटिनाचा सर्वांत लांब महामार्ग. १९३५ साली आखलेला, पाच हजार किलोमीटरहून लांब, देशाच्या दक्षिण टोकाजवळच्या काबो व्हीर्हेनेसपासून बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ला कियाकापर्यंत अँडीजला समांतर जाणारा. अँडीजला समांतर, म्हणजेच वाऱ्याला काटकोनात. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या उजव्या कुशीवर वारा आदळत राहतो आणि त्याला रस्त्याच्या मधल्या बाजूला, वाहनांकडे ढकलतो. तोल राखण्यासाठी सायकल उजवीकडे कलती ठेवावी लागते. सरळ रस्त्यावर तिरकी सायकल, हे दृश्य लांबून विचित्र दिसतं. वारा सलग असेल तर हे कलतेपण अंगवळणी पडतं. त्रास होतो झोतांचा. झोत क्षणभर थांबला की सायकल उजवीकडे कलंडून रस्त्याखालच्या खडीत उतरते, पुन्हा आला की डाव्या बाजूला दोन-दोन मीटर सरकवते. नेमकी तेव्हा मागून मालट्रक येत असेल तर प्रसंग जिवावरचा होतो. कानांत वाऱ्याचा एवढा आवाज असतो की ट्रक अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही. म्हणून हँडलला लावायचा लहानसा आरसा ही पॅटागोनियातली चैनीची वस्तू समजू नये. ट्रक आरशात दिसला की सरळ खाली उतरावं, सायकल धरून खडीत उभं राहावं आणि तो गेल्यावर पुन्हा निघावं. दिवसात किती वेळा उतरलो याची लाज बाळगू नये.

उत्तरेकडे जाणाऱ्याची अडचण थोडी निराळी. त्याचा वारा डावीकडून येतो आणि त्याला रस्त्याबाहेर ढकलतो. ते त्यातल्या त्यात बरं. पण ट्रक शेजारून जाताना वाऱ्याला क्षणभर आडोसा होतो. डावीकडे रेललेल्या माणसाचा आधारच निघून जातो आणि तो ट्रकच्या बाजूला झुकतो. ट्रक सरकला की अडलेला वारा एकदम अंगावर कोसळतो. पुढच्या चाकाच्या पिशव्या जितक्या मोठ्या तितकं हँडल जास्त फिरतं. जड सामान मागे आणि खाली, पुढे शक्य तितकं कमी, असं बांधलेलं बरं.

दोघे-तिघे बरोबर असतील तर काम हलकं होतं. तोंडावरच्या वाऱ्यात एकामागे एक, अगदी जवळ राहून चालवायचं आणि पाच-दहा मिनिटांनी पुढचा मागे, मागचा पुढे. बाजूच्या वाऱ्यात मात्र सरळ मागे राहून उपयोग नाही. वाऱ्याच्या उलट्या अंगाला, पायऱ्यांसारखं तिरकं राहावं लागतं. दक्षिणेकडे जाताना याचा अर्थ मागचा माणूस रस्त्याच्या मधोमध येणार. रस्ता दोन्ही बाजूंनी लांबवर मोकळा दिसत असेल तेव्हाच हे करावं.

या तुकड्यात शरीर दोन बाबतींत फसवतं. वारा घाम जागच्या जागी सुकवतो, त्यामुळे तहान लागल्याचं कळत नाही. आणि दहा अंश तापमान ताशी ५० च्या वाऱ्यात कातडीला पाच-सहा अंशांसारखं झोंबतं, त्यामुळे भूक थंडीच्या रूपाने समोर येते. १०० वॅटच्या दराने पाच तास पॅडल मारायला सुमारे १,८०० किलोकॅलरी लागतात, नेहमीच्या जेवणाच्या वर. पण थांबून खायचं कुठे? डबा उघडला की पोळी उडते. म्हणून हँडलच्या पिशवीत सुकामेवा, चीज, दाट दुधाचा गोड मुरंबा लावलेला पाव असं एका हाताने तोंडात टाकता येईल असं ठेवतात आणि तासातासाला खातात.

रुता ४० वर आणि आसपासच्या रस्त्यांवर मधूनच एखादी लहानशी घुमटी दिसते आणि तिच्याभोवती पाण्याच्या बाटल्यांचा ढीग. ही दिफुंता कोरेआची जागा. एकोणिसाव्या शतकातल्या यादवीत नवऱ्याच्या मागावर निघालेली ही बाई वाळवंटात तहानेने गेली. तिचं तान्हं बाळ मात्र तिच्या अंगावर पीत जिवंत सापडलं, अशी लोककथा आहे. ट्रकवाले तिच्यापुढे पाणी ठेवून जातात. चर्चने तिला संत मानलेलं नाही, लोकांनी मानलंय. पाणी संपलेल्या सायकलवाल्याने त्यातली एखादी बाटली घेतली तर कुणी हरकत घेत नाही. गावात पोहोचल्यावर कुठल्या तरी दुसऱ्या घुमटीपुढे भरलेली बाटली ठेवावी.

दुपारी तीन-चारच्या सुमारास, अंगातला जीव संपत आलेला असताना, नदीकाठी ला लिओना दिसतं. १८९४ साली डेन्मार्कहून आलेल्या येन्सेन कुटुंबाने ही जागा सुरू केली. तेव्हा इथे नदी ओलांडायला तराफा होता आणि लोकर घेऊन समुद्राकडे निघालेल्या गाड्या मुक्कामाला थांबत. ‘ला लिओना’ म्हणजे सिंहीण. नदीच्या या नावामागे १८७७ सालची घटना आहे. फ्रान्सिस्को मोरेनो या अर्जेंटिनाच्या संशोधकावर इथे प्यूमाच्या मादीने हल्ला केला होता, त्यातून तो वाचला. आज इथे कॉफी मिळते, केक मिळतो, सामोशाच्या नात्यातली एम्पानादा मिळते. पण सायकलवाल्याला दारातून आत शिरताच सगळ्यात आधी जाणवतो तो थांबलेला आवाज. लोक पहिली काही मिनिटं एकमेकांशी ओरडूनच बोलतात.

दिवस अजून सहा तास शिल्लक आहे, उजेड भरपूर आहे, पायांत थोडीफार ताकद आहे. पुढे निघायचा मोह होतो. निघू नये. इथे जो थांबतो त्याला मी शहाणा म्हणेन. अजून सत्तरेक किलोमीटर बाजूचा वारा आहे आणि शेवटी पश्चिमेकडचे ३२ किलोमीटर. ते भर दुपारी तोंडावर घेतले तर साडेपाचच्या वेगाने सहा तास. आज मारलेल्या प्रत्येक तासाची किंमत इथे दुपटीने द्यावी लागते.

काही जण तरीही पुढे जातात. वाटेत गुलाबी रंगाचं एक पडीक घर आहे. खिडक्यांना काचा नाहीत, भिंतींवर जगभरच्या सायकलवाल्यांची नावं, तारखा, चित्रं. तिथे आडोसा मिळतो. या भागात पडीक घरं बरीच आहेत आणि त्याला इतिहास आहे. १८८० च्या दशकापासून फॉकलंड बेटांवरून मेंढ्या आणून इथे एस्तान्सिया उभ्या राहिल्या. पुढे चराई अति झाली, माती उडू लागली, लोकरीचे भाव पडले. त्यात ऑगस्ट १९९१ मध्ये चिलीतला हडसन ज्वालामुखी फुटला. वाऱ्याने त्याची राख सांता क्रूझ प्रांतावर आणून टाकली आणि नंतरही पुन्हा पुन्हा उडवत ठेवली. मेंढ्या मेल्या, माणसं दारं ओढून निघून गेली. आज ज्या भिंतीआड सायकलवाला चूल पेटवतो ती कुणाच्या तरी मोडलेल्या संसाराची भिंत असते. तिथे कचरा टाकू नये, दाराच्या फळ्या जाळू नयेत.

उघड्यावर तंबू लावायचा असेल तर रीत ठरलेली आहे. तंबूची निमुळती बाजू पश्चिमेला. पिशवीतून काढायच्या आधीच एक टोक खुंटीने जमिनीला ठोकायचं, दांड्या नंतर घालायच्या. उलट केलं तर तंबू हातातून सुटतो आणि अटलांटिकपर्यंत त्याला अडवणारं काही नाही. आत आधी जड पिशव्या, मग माणूस. बाहेर चूल पेटत नाही म्हणून ती तंबूच्या आत ओढून घेण्याचा मोह होतो. बंद तंबूत चुलीचा विषारी वायू साचतो, तो दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. त्यापेक्षा त्या रात्री पाव आणि चीज खाऊन झोपावं.

पहाटे साडेतीनला जाग येते ती शांततेने. दोऱ्या फडफडत नाहीत. चारला निघालं की वीसेकच्या वेगाने सायकल जाते, दिव्याच्या उजेडात कुंपणाच्या कडेला ग्वानाकोचे डोळे चमकतात, आणि काल ज्या रस्त्यावर जीव मुठीत धरला होता त्यावर माणूस गुणगुणत जातो. दोन-अडीच तासांनी उजाडलेलं असतं. मग सांता क्रूझ नदी ओलांडायची. १८३४ च्या एप्रिल-मे महिन्यांत ‘बीगल’ जहाजाचा कप्तान फिट्झरॉय आणि त्याच्याबरोबरचा तरुण चार्ल्स डार्विन समुद्रापासून या नदीने वर आले होते. प्रवाह इतका जोराचा की होड्यांना दोर बांधून काठावरून माणसांनी ओढत आणाव्या लागल्या. अन्न संपत आलं आणि ते माघारी फिरले. ही नदी ज्या अर्जेंटिनो सरोवरातून निघते ते त्यांना दिसलंच नाही. पुढे जगातली किती तरी सुंदर ठिकाणं आठवत असताना डार्विनला पॅटागोनियाचे हे उजाड माळ सारखे का आठवत राहतात, असा प्रश्न त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. त्याचं अर्धं उत्तर त्याने या माळांच्या अमर्याद मोकळेपणात शोधलं. माझ्या समजुतीने या रस्त्यावर सायकल चालवलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही.

आठच्या आत पश्चिमेचा तिठा गाठला तर शेवटचे ३२ किलोमीटर दोन तासांचे. दहाला पोहोचलात तर चार तासांचे. बाराला पोहोचलात तर उत्तर वाऱ्याला विचारा.

मुंबईकर फ्रामरोज दावर १९२४ साली सायकलवर जगप्रवासाला निघाले, सहारा ओलांडून पुढे दक्षिण अमेरिकेत अँडीज आणि अॅमेझॉनही त्यांनी पार केलं, १९३१ मध्ये परतले. त्यांच्या हातात हवामानाचा अंदाज नव्हता आणि परतीचं ठरलेलं तिकीटही नव्हतं. आज आपल्याकडून जाणाऱ्याजवळ पहिली गोष्ट असते आणि दुर्दैवाने दुसरीही असते. सगळा घोटाळा दुसरीमुळे होतो. तारीख गाठायची म्हणून लोक दुपारी तीनला वाऱ्यात शिरतात आणि बाजूच्या झोतात ट्रकसमोर सरकतात. तुम्ही या मुलखात सायकल घेऊन जाणार असाल तर मार्ग शक्यतो उत्तरेकडून दक्षिणेकडे आखा, कारण वारा बऱ्याचदा वायव्येचा असतो. आणि दर आठवड्याला दोन दिवस कोरे सोडा. ते दिवस वाऱ्याचे आहेत.